ज्वराच्या छपरांखाली : १८४७ चे आयरिश निर्वासित आणि कॅनडाची ख्रिस्तसभा

साथीचा रोग आणि परका माणूस यांची सांगड मनुष्यसमाजाने फार पूर्वीपासून घातलेली आहे. गावात रोग शिरला की तो बरा कसा होईल या प्रश्नाच्या आधी तो कोणी आणला, हा प्रश्न विचारला जातो. आणि उत्तर देताना बोट बहुधा वेशीबाहेरून आलेल्या माणसाकडे वळते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने परक्याला आसरा देणे आणि आजाऱ्याचा समाचार घेणे ही दोन कृत्ये एकाच यादीत सांगितली आहेत. आपण ती सहसा वेगवेगळी करतो. आजारी माणूस आपला असतो, म्हणून त्याची सेवा करतो. परका माणूस धडधाकट असतो, म्हणून त्याला ओसरीवर जागा देतो. पण परका आणि आजारी हे दोघे जेव्हा एकच असतात, आणि ते दहा-वीस नव्हे तर हजारोंच्या संख्येने एकाच उन्हाळ्यात दाराशी येऊन उभे राहतात, तेव्हा काय करायचे?

हा प्रश्न कॅनडातील ख्रिस्तसभेपुढे १८४७ साली उभा राहिला. त्या वर्षीचा इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाही. आयर्लंडच्या दुष्काळाविषयी आपण वाचलेले असते. परंतु त्या दुष्काळातून निसटलेल्या माणसांचे पुढे काय झाले, आणि त्यांच्यासाठी कोण बोलले, कोण मेले, हे आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून तो प्रसंग आम्ही येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

दुष्काळातून समुद्राकडे

१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर एक अपरिचित रोग पडला. शेतात उभी पाने काळी पडली आणि जमिनीतले कंद कुजून गेले. आयर्लंडच्या गरीब कुळांचे सारे जीवन या एका कंदावर उभे होते. ते पिकवीत असलेले ओट धान्य आणि पोसलेली जनावरे खंडापोटी जमीनदाराकडे जात. स्वतःच्या पोटासाठी उरे तो बटाटा. पुढच्या वर्षी, १८४६ मध्ये, पीक जवळजवळ संपूर्ण बुडाले. १८४१ च्या शिरगणतीत या देशाची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि भुकेमागोमाग आलेल्या रोगांनी मेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली.

देश सोडणाऱ्यांत सारेच स्वखुशीने निघालेले नव्हते. गरिबांना पोसण्याचा खर्च जमीनदारांकडून कररूपाने वसूल केला जात असे. कुळाला दारिद्र्यगृहात वर्षभर पोसण्यापेक्षा त्याचे जहाजाचे भाडे भरून त्याला कायमचे घालवून देणे स्वस्त पडते, असा हिशेब काही जमीनदारांनी मांडला. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनचा मेजर डेनिस महॉन याने आपल्या इस्टेटीवरील शेकडो कुळांना अशा रीतीने रवाना केले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना घेऊन 'व्हर्जिनियस' नावाचे जहाज लिव्हरपूलहून निघाले. त्यावर ४७६ उतारू होते. त्यांतले १५८ कॅनडाचा किनारा लागण्यापूर्वीच मरण पावले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महॉनचा खून झाला.

ही माणसे कॅनडाकडेच का वळली, याचेही कारण सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८४७ च्या आरंभी उतारूंच्या जहाजांविषयीचे कायदे कडक केले. त्यामुळे तिकडचे भाडे वाढले. उलट क्वीबेकहून ब्रिटनला इमारती लाकूड वाहून आणणारी जहाजे परतीच्या वाटेवर रिकामी जात. लाकडाच्या जागी माणसे भरली की मालकाला वरकड नफा होई. तळाच्या कोठारात फळ्यांचे मजले ठोकून, उजेड आणि वारा नसलेल्या त्या जागेत शेकडो माणसे कोंबली जात. प्रवास सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत लांबे. पाणी अपुरे, अन्न अपुरे आणि अंगावरचे कपडे निघाल्या दिवसापासून तेच.

या कोठारांत टायफस पसरला. लोक त्याला 'जहाजी ताप' म्हणत. आपल्याकडे ज्याला विषमज्वर म्हणतात त्या टायफॉइडहून हा रोग निराळा. कपड्यांत राहणाऱ्या उवा तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेतात, हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ट्युनिस येथे १९०९ मध्ये सिद्ध केले. १८४७ मध्ये कोणाही डॉक्टरला ते ठाऊक नव्हते. दूषित हवेतून ताप येतो, अशी समजूत होती. हे अज्ञान पुढील घटना समजून घेताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

नदीतले बेट

सेंट लॉरेन्स नदीत क्वीबेक शहराच्या खाली सुमारे पन्नास किलोमीटरवर ग्रोस ईल नावाचे छोटे बेट आहे. १८३२ मध्ये पटकीची साथ आली तेव्हा येणाऱ्या जहाजांची तपासणी करण्यासाठी तेथे विलगीकरण केंद्र उघडण्यात आले. १८४७ मध्ये केंद्राचे प्रमुख होते डॉक्टर जॉर्ज डग्लस. आयर्लंडच्या बातम्या वाचून त्यांनी आधीच ओळखले होते की येणारे वर्ष कठीण आहे. त्यांनी ३,००० पौंडांची मागणी केली. सरकारने ३०० मंजूर केले. हिवाळ्याचा बर्फ वितळून नदी मोकळी झाली तेव्हा बेटावर जेमतेम दोनशे आजाऱ्यांची सोय होती.

मेच्या मध्यावर 'सीरिया' हे पहिले जहाज आले. त्यावर २४१ उतारू होते. नऊ वाटेतच गेले होते. बेटावर पहिला मृत्यू झाला तो चार वर्षांच्या एका मुलीचा. पुढे जहाजांमागून जहाजे येत गेली. मे महिना संपता संपता सुमारे चाळीस जहाजे नदीत रांगेने नांगरून पडली होती आणि त्यांवर बारा हजारांहून अधिक माणसे होती. इस्पितळ भरले, तंबू भरले, बेटावरचे प्रार्थनामंदिरही आजाऱ्यांनी भरले. मग जागा नाही म्हणून निरोग्यांना आणि आजाऱ्यांनाही जहाजावरच थांबवून ठेवण्यात आले. ज्या कोठारात रोग वाढला होता त्याच कोठारात दिवसच्या दिवस बसून राहणे म्हणजे विलगीकरण नव्हते. ती रोगाचीच पेरणी होती. नदीचे गोडे पाणी चोहीकडे वाहत असताना माणसे तहानेने तळमळत होती.

बेटावरील पहिले कॅथलिक धर्मगुरू फादर बर्नार्ड मॅगॉरन आयर्लंडमध्ये जन्मलेले होते आणि गुरुदीक्षा होऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांनी क्वीबेकचे आर्चबिशप जोसेफ सिन्ये यांना पत्रे लिहून बेटावरची दशा कळवली आणि मदतीला धर्मगुरू मागितले. ते स्वतः तापाने पडले. सुदैवाने बरे झाले. त्यांच्यामागून त्या उन्हाळ्यात चाळीसहून अधिक कॅथलिक धर्मगुरू आळीपाळीने बेटावर गेले. त्यांत आयरिश होते तसे फ्रेंचभाषकही होते. आयरिश भाषेखेरीज काहीच न समजणाऱ्या उतारूंसाठी ती भाषा जाणणाऱ्यांचा शोध करावा लागे. त्या धर्मगुरूंपैकी एक तरुण प्राध्यापक एल्झेआर-अलेक्झांद्र ताशेरो. तेही टायफसने आजारी पडले आणि वाचले. पुढे १८७१ मध्ये क्वीबेकचे आर्चबिशप आणि १८८६ मध्ये कॅनडाचे पहिले कार्डिनल झाले. इतर काही जण मात्र परतले नाहीत. अँग्लिकन धर्मगुरूही बेटावर तितक्याच निष्ठेने सेवा करीत होते आणि त्यांच्यापैकीही काहींनी प्राण दिले, हे येथे नमूद केले पाहिजे. तापाने पंथ विचारला नाही. सेवा करणाऱ्यांनीही तो विचारू नये, हे त्यांतल्या अनेकांना तेथे उमगले.

धर्मगुरू इतक्या मोठ्या संख्येने का आजारी पडत, याचा उलगडा आज आपल्याला करता येतो. मरणोन्मुख माणसाचे पापनिवेदन ऐकायचे तर त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. एका फळीवर तिघे-चौघे पडलेले. त्यांच्यामध्ये गुडघे टेकून, वाकून, त्यांच्या घोंगड्यांना अंग लावून हे काम करावे लागे. अंतिम अभ्यंगासाठी डोळ्यांना, हातांना, पावलांना तेल लावावे लागे. उवांना याहून सोपी वाट नव्हती.

साक्ष आणि पत्र

सेवा ही एक गोष्ट झाली. ज्यांची सेवा करायची त्यांच्यासाठी सत्तेपुढे बोलणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे.

त्या उन्हाळ्यात कॅनडाच्या विधिमंडळाने ग्रोस ईलच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढे साक्ष देण्यासाठी जे आले त्यांत बेटावर राबलेले धर्मगुरू होते. शेरब्रुकचे फादर बर्नार्ड ओ'रायली आणि फादर विल्यम मॉयलन यांनी आपण डोळ्यांनी पाहिलेले सांगितले : आजारी माणसे जहाजांवर वैद्यावाचून आणि पाण्यावाचून पडून आहेत, मृत आणि जिवंत एकाच ठिकाणी राहतात, आणि निरोग्यांना वेळीच किनाऱ्यावर, स्वच्छ हवेत उतरवून घेतले असते तर त्यांतले बरेच वाचले असते. अँग्लिकन धर्मगुरूंची साक्षही याच आशयाची होती. या साक्षींचे मोल असे की त्यांनी दोष निर्वासितांच्या माथी मारला नाही. घाण आयरिश माणसाच्या स्वभावात आहे, असे तेव्हाची काही वृत्तपत्रे सुचवीत होती. धर्मगुरूंनी जागा, पाणी, तंबू आणि वैद्य यांची उणीव समितीपुढे ठेवली. रोग्याला गुन्हेगार ठरू न देणे, ही त्या साक्षीची खरी कामगिरी होय.

आर्चबिशप सिन्ये यांनी ९ जून १८४७ रोजी आयर्लंडच्या आर्चबिशपांना आणि बिशपांना उद्देशून एक पत्र लिहिले. दर आठवड्याला हजारो लोक सुखाच्या आशेने निघतात आणि त्यांच्या वाट्याला समुद्रतळ, ग्रोस ईलची माती किंवा इस्पितळाची खाट येते, हे आपल्या लोकांना सांगा, असा त्याचा भावार्थ होता. या पत्राचा अर्थ लावताना आम्हाला थोडे थांबावे लागते. हे पत्र निर्वासितांच्या बाजूचे होते की त्यांना दार लावणारे? सिन्ये यांनी धर्मगुरू पाठवले, मदत गोळा केली, अनाथांची सोय केली. त्यांच्या करुणेविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण मेयो किंवा रॉसकॉमनमध्ये घरातून हुसकावलेल्या कुटुंबाला 'येऊ नका' असे सांगून काय उपयोग होता? त्याच्यापुढे जाण्या-न जाण्याची निवड उरलेलीच नव्हती. खरा दोष जहाजमालकांचा, जमीनदारांचा आणि लंडनच्या सरकारचा होता. आणि पत्र गेले ते आयरिश बिशपांकडे, जे स्वतःच उपाशी कळप सांभाळीत होते. चांगल्या हेतूने केलेला उपदेशही चुकीच्या पत्त्यावर गेला तर दुबळ्यालाच ओझे होतो, हे या पत्रावरून शिकण्यासारखे आहे.

योग्य पत्त्यावर गेलेले पत्र दुसऱ्या एका माणसाने लिहिले. लिमरिक परगण्यातील जमीनदार घराण्यातले स्टीफन डी व्हिअर यांनी १८४७ मध्ये आपल्या काही माणसांसह क्वीबेकचा प्रवास केला, तोही वरच्या मजल्यावरच्या खोलीतून नव्हे, तर गरीब उतारूंबरोबर तळकोठारातून. कोठारात काय घडते ते आपण सोसल्यावाचून सांगता येणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी ३० नोव्हेंबरला लिहिलेले अहवालवजा पत्र लंडनला पोहोचले. वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांनी ते उमरावांच्या सभागृहात वाचून दाखवले आणि उतारूंच्या जहाजांविषयीच्या कायद्यात सुधारणा झाली. गरीब आयरिश कॅथलिकांच्या श्रद्धेचा डी व्हिअर यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता. प्रॉटेस्टंट घराण्यात वाढलेल्या या गृहस्थाने कॅनडातच कॅथलिक धर्म स्वीकारला.

माँट्रियलची छपरे

ग्रोस ईलहून जे 'निरोगी' ठरले त्यांना आगबोटींतून माँट्रियलला पाठवले जाई. अंगात रोग दडलेलाच असे. शहरात पोहोचेपर्यंत तो उफाळून येई. माँट्रियल ही तेव्हा कॅनडा प्रांताची राजधानी होती. राजधानीच्या एका कडेला, पॉइंट सेंट चार्ल्स येथे नदीकाठी लाकडी छपरे उभारण्यात आली. त्यांना लोक तापाची छपरे म्हणू लागले.

शहरातील 'करड्या भगिनी' या धर्मभगिनींचा संघ संत मार्गारेट द'यूव्हिल यांनी १७३७ मध्ये स्थापन केलेला. संस्थापिकेला संतपद १९९० मध्ये मिळाले. १८४७ मध्ये मठाच्या प्रमुख होत्या मदर एलिझाबेथ मॅकमलन. भगिनींच्या इतिवृत्तात त्या दिवसांची हकिकत लिहून ठेवलेली आहे. जून महिन्यात मदर मॅकमलन एका भगिनीला घेऊन छपरे पाहून आल्या. संध्याकाळी सगळ्या भगिनी एकत्र बसल्या असता त्यांनी जे पाहिले ते सांगितले, आणि हेही सांगितले की तेथे जाणे म्हणजे बहुधा मरणाला सामोरे जाणे आहे. आज्ञा म्हणून त्या कोणालाही पाठवणार नाहीत. सगळ्याच भगिनी जायला तयार झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तुकड्या छपरांत जाऊ लागल्या.

तेथे त्यांनी काय केले? आजाऱ्यांना प्रेतांपासून वेगळे केले. गवत बदलले. पाणी पाजले. अंगे पुसली. मेलेल्या आईच्या छातीशी बिलगलेली तान्ही मुले उचलून वेगळी नेली. या कामात वीरश्रीचे असे काही दिसत नाही; ते घरातल्या आजाऱ्याचे करतो तसेच काम होते, फक्त घर आणि आजारी दोन्ही आपले नव्हते. काही आठवड्यांतच चाळीसएक भगिनींच्या त्या मठात तीसच्या आसपास जणी अंथरुणाला खिळल्या. सात जणी वारल्या.

त्यांची जागा मदर एमिली गामलँ यांच्या 'प्रॉव्हिडन्स' संघाच्या भगिनींनी घेतली. त्याही आजारी पडू लागल्या तेव्हा बिशप इग्नास बूर्जे यांनी हॉटेल-द्यू इस्पितळाच्या भगिनींना परवानगी दिली. या भगिनी बंदिस्त मठाच्या नियमाने राहणाऱ्या. मठाचा उंबरठा ओलांडणे त्यांना निषिद्ध होते. पण नियम माणसासाठी असतो हे बिशपांनी ओळखले आणि भगिनी उंबरठा ओलांडून छपरांत गेल्या. पुढे बऱ्या झालेल्या करड्या भगिनीही पुन्हा कामावर आल्या.

धर्मगुरूंचीही तीच कथा. शहरातील सल्पिशियन धर्मगुरू एकामागून एक पडू लागले, तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅमहून येशूसंघीय धर्मगुरू मदतीला आले. सल्पिशियनांपैकी फादर जॉन जॅक्सन रिचर्ड्स यांची कथा विलक्षण आहे. ते मूळचे व्हर्जिनियाचे, मेथडिस्ट उपदेशक. १८०७ मध्ये माँट्रियलच्या कॅथलिकांना आपल्या पंथात आणावे म्हणून ते तेथे गेले आणि स्वतःच कॅथलिक होऊन राहिले, धर्मगुरू झाले. शहरातल्या गरीब आयरिश लोकांना हक्काचा असा तो एकच माणूस अनेक वर्षे होता. छपरांतील पोरक्या मुलांची व्यवस्था लावता लावता २३ जुलैला ते टायफसने गेले. बिशपांचे प्रतिनिधी मोन्सिन्योर यासँत युदाँ १२ ऑगस्टला वारले. खुद्द बिशप बूर्जेही तापाने पडले आणि मरणाच्या दारातून परत आले. त्यांनी केलेल्या नवसाची खूण म्हणून तेओफिल आमेल या चित्रकाराने काढलेले टायफसचे चित्र माँट्रियलच्या बाँ-सकूर येथील पवित्र मरियेच्या मंदिरात आहे. छपराखाली पडलेले रोगी, त्यांच्यामध्ये वावरणाऱ्या भगिनी आणि वर पवित्र मरिया, असे ते चित्र आहे.

शहर मात्र घाबरले होते, आणि ही भीती निराधार नव्हती. साथ छपरांतून गल्ल्यांत शिरत होती. छपरे शहराजवळ नकोत, निर्वासितांना नदीतल्या दूरच्या बेटांवर हलवा, अशी मागणी करीत नागरिकांच्या सभा झाल्या. छपरे उचलून नदीत फेकण्याची भाषाही ऐकू आली. अशा वेळी या माणसांच्या बाजूने उभे राहिले ते नगराध्यक्ष जॉन ईस्टन मिल्स. ते कॅथलिक नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले प्रॉटेस्टंट गृहस्थ होते. त्यांनी आणखी छपरे बांधून घेतली, छपरांना संरक्षण मिळवून दिले आणि स्वतः जाऊन आजाऱ्यांना पाणी पाजले. १२ नोव्हेंबर १८४७ रोजी तेही त्याच तापाने वारले. शेजाऱ्याची व्याख्या करणाऱ्या दृष्टांतात प्रभूने समारियाचा माणूस का निवडला, हे मिल्स यांच्याकडे पाहून नव्याने समजते.

टोरांटोचे बिशप

नदीच्या वरच्या अंगाला, किंग्स्टन, बायटाउन आणि टोरांटो येथेही हीच स्थिती होती. बायटाउनला, म्हणजे आजच्या ओटावाला, मदर एलिझाबेथ ब्रुयेर यांच्या भगिनींनी आजाऱ्यांसाठी इस्पितळ चालवले. टोरांटोची वस्ती तेव्हा सुमारे वीस हजार होती. त्या एका मोसमात तेथे ३८ हजारांहून अधिक निर्वासित उतरले आणि अकराशेहून अधिक तेथेच मरण पावले.

टोरांटोचे पहिले बिशप मायकेल पॉवर हे हॅलिफॅक्समध्ये आयरिश कुटुंबात जन्मलेले. १८४७ च्या आरंभी ते युरोपात होते. आयर्लंडमध्ये त्यांनी दुष्काळ प्रत्यक्ष पाहिला आणि आपल्या धर्मप्रांतातल्या शाळांसाठी लोरेटो संघाच्या भगिनी मागितल्या. परत आल्यावर त्यांच्याजवळचे धर्मगुरू तापाने आजारी पडत गेले, तेव्हा ते स्वतः छपरांत जाऊ लागले. लोरेटोच्या भगिनी सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या स्वागताला आलेले बिशप थकलेले होते. १ ऑक्टोबरला ते वारले; वय ४२ वर्षे. त्यांनी बांधायला घेतलेले संत मायकेलचे महामंदिर अपुरेच होते. त्याच्या तळघरात त्यांना पुरण्यात आले. या शहरात निर्वासितांच्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर जॉर्ज ग्रासेट हेही त्याच उन्हाळ्यात सेवा करता करता गेले होते.

पोरकी मुले

आईबाप मेले तरी अनेक मुले वाचली. ग्रोस ईलवर आणि माँट्रियलच्या छपरांत शेकडो मुले कोणाचीच उरली नाहीत. क्वीबेकमध्ये कॅथलिक स्त्रियांच्या धर्मादाय मंडळाने ६१९ मुलांना आपल्या छत्राखाली घेतले. फादर शार्ल-फेलिक्स काझो यांनी गावोगावच्या धर्मगुरूंना पत्रे लिहून घरे शोधली. या कामामुळे लोक त्यांना 'आयरिशांचे पाद्री' म्हणू लागले. माँट्रियलमध्ये मदर गामलँ यांनी अनाथांसाठी आश्रम उघडला, आणि १८४८ मध्ये बिशप बूर्जे यांनी धर्मग्रामांना आवाहन करून ही मुले घराघरांत देण्याचे काम पुढे नेले.

ती घरे फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांची होती. श्रीमंत कोणीच नव्हते. आलेल्या पोराची भाषा कळत नव्हती, त्याच्या अंगात रोग असेल की नाही याची खात्री नव्हती. तरी घरे मिळाली. अनेक मुलांनी आपली आयरिश आडनावे राखली. म्हणून क्वीबेक प्रांतात आजही फ्रेंचखेरीज दुसरी भाषा न बोलणारी रायन, वॉल्श, जॉन्सन अशा आडनावांची कुटुंबे भेटतात. या कथेला दुसरी बाजूही आहे. भावंडे वेगवेगळ्या गावी गेली आणि काहींना एकमेकांचा पत्ता पुन्हा लागला नाही. काही मुले मायेने वाढवली गेली, काही केवळ शेतीच्या कामासाठी घेतली गेली. भाषा गेली, गाव गेले. दया ही पोरकेपणाची भरपाई करू शकते, पण तो पुसू शकत नाही. हे सांगितल्याने त्या शेतकऱ्यांचे मोठेपण उणे होत नाही.

हिशेब

१८४७ मध्ये सुमारे एक लाख माणसे क्वीबेकच्या वाटेने निघाली. ग्रोस ईलवर त्या वर्षी ५,४२४ जणांना पुरण्यात आले. माँट्रियलच्या छपरांजवळ सुमारे सहा हजार. १८५९ मध्ये तेथे व्हिक्टोरिया पूल बांधणाऱ्या मजुरांना खोदताना हाडे सापडली. त्यांनी ती दुर्लक्षून पुढे काम केले नाही. नदीतला एक मोठा काळा दगड उचलून त्या जागी स्मारक म्हणून उभा केला. तो आजही तेथे आहे. १५ ऑगस्ट १९०९ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, ग्रोस ईलच्या टेकडीवर आयरिश लोकांनी भव्य दगडी क्रूस उभारला. ज्या वर्षी टायफसचे गूढ उकलले तेच हे वर्ष.

सरकारने यातून काय बोध घेतला? १८४८ पासून कॅनडाने येणाऱ्यांवरील कर वाढवला आणि गरिबांचा ओघ आटला. रोगावर शोधलेला हा उपाय रोग्यालाच बाहेर ठेवण्याचा होता. जहाजांतली परिस्थिती सुधारण्याचा कायदा झाला, तो डी व्हिअरसारख्यांच्या साक्षीमुळे. दोन्ही निर्णय एकाच संकटातून निघाले. संकट आपल्याला काय शिकवील हे संकटावर अवलंबून नसते. त्या वेळी कोण बोलतो आणि कोणाचे ऐकले जाते यावर ते ठरते.

एक अडचणीचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. विलगीकरण चूक होते का? मुळीच नाही. आजाऱ्याला वेगळे ठेवणे हे शास्त्रदृष्ट्या योग्यच होते, आणि सेवा करणाऱ्यांनी नकळत रोग स्वतःच्या मठांत नेला हेही खरे. पण वेगळे ठेवणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे. विलगीकरणात पाणी असते, वैद्य असतो, नाव लिहून घेणारा असतो. टाकून देण्यात यांतले काहीच नसते. ग्रोस ईलच्या धर्मगुरूंनी विधिमंडळापुढे हेच अंतर दाखवले. त्यांनी नियम मोडा असे म्हटले नाही. नियमाच्या आत माणूस ठेवा असे म्हटले.

आपल्या प्रांतातही याचे पडसाद उमटलेले आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते गोव्याचे कॅथलिक डॉक्टर. त्या साथीत मुंबई सोडून पळणाऱ्या हजारो गोरगरिबांना वाटेतल्या स्थानकांवर अडवून तपासले गेले, छावण्यांत नेले गेले. गावकरीही त्यांना वेशीवरून परतवू लागले. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत आणि आसपास त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस आपण जाता-येता पाहतो. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावताना आपण बहुधा आपल्या वाडवडिलांची आठवण करतो. वेशीवरून परतवलेल्या माणसाची आठवण त्यात असते का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यातून परप्रांतीय मजूर पायी निघाले. ज्यांनी आपली घरे बांधली, मासळीच्या टोपल्या उचलल्या, भाजीच्या गाड्या ओढल्या, ते एका रात्रीत 'बाहेरचे' झाले. अनेक धर्मग्रामांनी आणि इतर धर्मीय संस्थांनी शिधा वाटला, वाटेवर पाणी दिले. आणि काही वस्त्यांत संशयाने दारेही लागली. बाहेरून येणाऱ्यांच्या लोंढ्याने आपली वाडी, आपली बोली, आपली शेती गिळली जाते, ही वसईकराची व्यथा खोटी नाही. माँट्रियलच्या नागरिकांची भीतीही खोटी नव्हती. प्रश्न भीती खरी की खोटी हा नसतो. तिच्या पोटी आपण काय करतो, हा असतो.

परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९५२ मध्ये 'एक्सुल फमिलिया' या दस्तऐवजात नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला साऱ्या निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. त्या कुटुंबानेही रात्रीतून इजिप्तची वाट धरली होती. पोप फ्रान्सिस यांनी स्वागत, संरक्षण, संवर्धन आणि समावेशन अशा चार शब्दांत स्थलांतरितांविषयीचे कर्तव्य सांगितले, आणि २०२० च्या साथीत त्याच भूमिकेतून देशांतर्गत विस्थापितांकडे लक्ष वेधले. ही शिकवण कागदावर येण्यापूर्वी शंभर वर्षांहून अधिक काळ आधी ती पॉइंट सेंट चार्ल्सच्या छपरांत आचरली गेली होती. ती आचरणाऱ्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. इतिवृत्तात त्यांनी स्वतःविषयी थोडेच लिहिले आहे. आजाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. कोणत्या छपरात किती जण आले, कोणाचे मूल कोणी उचलले, कोणाला शेवटी काय हवे होते, हे त्यांनी टिपून ठेवले. परक्या माणसाची नोंद ठेवणे हाही त्याला घरात घेण्याचाच एक प्रकार आहे, असे आम्हाला वाटते.